चांदीचे नॅनोकण: रंग येत नाही, गाळ बसतो, बुरशी मरत नाही. बिघाड नेमका कुठे?

औषधी पानांच्या काढ्याने सिल्व्हर नायट्रेटमधल्या चांदीचे नॅनोकण (काही नॅनोमीटरचे, अतिसूक्ष्म कण) करायचे आणि ते बुरशी मारतात का पाहायचे, असा हा प्रयोग. वनस्पती कोणतीही घ्या, तुळस, कडुलिंब, अडुळसा की गुळवेल. काढ्यात सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर जे बिघडते ते थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच असते. आधी आपले लक्षण यात शोधा.

• २४ तास झाले तरी द्रावण फिकट पिवळेच आहे.
• मिसळल्या मिसळल्या द्रावण दुधाळ झाले आणि उजेडात हळूहळू जांभळट-करडे पडले.
• छान तपकिरी रंग आला, पण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४०० ते ४५० नॅनोमीटरमध्ये शिखर (प्रकाशशोषणाच्या आलेखातला उंचवटा) दिसत नाही.
• पहिल्या दिवशी सगळे ठीक होते, दुसऱ्या दिवशी तळाला काळा गाळ आणि काचेवर आरशासारखा थर.
• शिखर बरोबर जागी आहे, पण प्लेटवर बुरशी जशीच्या तशी वाढते.
• झोन (कणांभोवती बुरशी न वाढलेले वर्तुळ) येतो, पण दर वेळी वेगळा. किंवा नुसत्या सिल्व्हर नायट्रेटचाही तेवढाच येतो.

खालचे आकडे या नेहमीच्या कृतीला धरून आहेत: १० ग्रॅम ताजी, धुतलेली, बारीक चिरलेली पाने १०० मि.लि. डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० मिनिटे उकळायची, गार करून व्हॉटमन नंबर १ मधून गाळायची. हा काढा १० मि.लि. आणि १ मिलिमोलार सिल्व्हर नायट्रेट ९० मि.लि. मिसळून अंधारात ठेवायचे. तुमचे प्रमाण वेगळे असले तरी तपासण्यांचा क्रम हाच ठेवा. पीएच आणि तापमानाशी खेळायला सगळ्यांचे हात शिवशिवतात, पण ते नंतर. आधी पाणी.

पाणी आणि क्लोराइड (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटे)

चांदी आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका होतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ती चांदी कण बनवायच्या कामातून गेलीच म्हणायची. १ मिलिमोलार द्रावणातली सगळी चांदी साक्यात घालवायला लिटरमागे अवघे ३५.५ मि.ग्रॅ. क्लोराइड पुरते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २५० मि.ग्रॅ.पर्यंत क्लोराइड चालते. म्हणजे पिण्याला उत्तम असलेल्या नळाच्या पाण्यात काढा केला आणि ते पाणी त्या मर्यादेवर असले, तर वरच्या प्रमाणात सुमारे ७८ टक्के चांदी पहिल्या मिनिटातच बाद होते. दुसऱ्या लक्षणाचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते, आणि पहिल्याचेही बऱ्याचदा.

तपासणी सोपी आहे. टेस्ट ट्यूबमध्ये १० मि.लि. पाणी घ्या, सौम्य नायट्रिक आम्लाचा एक थेंब घाला (म्हणजे कार्बोनेटचा गढूळपणा आड येणार नाही), मग सिल्व्हर नायट्रेटच्या १ टक्का द्रावणाचे तीन-चार थेंब टाका. ट्यूब काळ्या कागदासमोर धरा. धुके दिसले तर ते पाणी वापरायचे नाही. आरओचे पाणी डिस्टिल्ड वॉटरच्या जागी चालवून घेऊ नका. घरगुती आरओमध्ये चवीसाठी कच्चे पाणी परत मिसळायची सोय असते. दुकानातले ‘बॅटरीचे पाणी’ कधी चालते, कधी नाही, त्यामुळे प्रत्येक कॅन उघडल्यावर ही चाचणी करा.

पाणी निर्दोष निघाले आणि तरीही मिश्रण दुधाळ होते? मग क्लोराइड पानातून येत असेल. ते वनस्पतीत असतेच, आणि खाऱ्या जमिनीतल्या झाडांत जास्त असते. काढ्यातली प्रथिने-टॅनिनही धुके देतात, म्हणून खात्री करा: थोडा साका वेगळ्या ट्यूबमध्ये घेऊन त्यावर अमोनियाचे थेंब टाका. विरघळला तर सिल्व्हर क्लोराइड. अमोनिया घातलेले चांदीचे द्रावण कधीही ठेवून देऊ नका, त्यात स्फोटक संयुग तयार होऊ शकते. चाचणी संपताच सौम्य नायट्रिक आम्लाने ते आम्लधर्मी करा आणि चांदीच्या कचऱ्याच्या बाटलीत ओता. यावर उपाय म्हणजे काढ्याचे प्रमाण १० वरून ५ किंवा २ मि.लि.वर आणणे, किंवा दुसऱ्या ठिकाणची पाने घेणे.

काचसामान

क्लोराइडची दुसरी चोरवाट म्हणजे काच. हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेला किंवा शेवटी नळाखाली विसळलेला फ्लास्क वापरू नका. १० टक्के नायट्रिक आम्लाने धुवायचे (फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून), मग तीनदा डिस्टिल्ड वॉटर. आधीच्या बॅचचा चांदीचा थर काचेवर राहिला असेल तर नवे कण त्याच्यावरच वाढत जातात आणि चौथे लक्षण दिसते. ज्या फ्लास्कला आरसा लागलाय तो नायट्रिक आम्लाने पूर्ण स्वच्छ होईपर्यंत बाजूला ठेवा.

सिल्व्हर नायट्रेट: वजन आणि वय

१ मिलिमोलारसाठी १०० मि.लि.ला १७ मि.ग्रॅ. लागते. कॉलेजमधला दोन दशांशाचा काटा १० मि.ग्रॅ.च्या पायऱ्यांनीच वाचतो, म्हणजे तुम्ही १७ मोजलेच नाही, १० किंवा २० मोजले. त्याऐवजी १७० मि.ग्रॅ. तीन किंवा चार दशांशाच्या काट्यावर घेऊन १०० मि.लि. करा. हा १० मिलिमोलार साठा झाला, तो दहापट पातळ करून वापरा. दर वेळी वेगळा निकाल येण्यामागे हे एक हमखास कारण आहे.

साठा तपकिरी बाटलीत आणि वर फॉइल. द्रावण करडे दिसत असेल किंवा तळाला काळे कण असतील तर ते गेले. सिल्व्हर नायट्रेटचे मूळ स्फटिक पांढरे, सुटे हवेत.

काढा

जास्त उकळलेला काढा, आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेला काढा आणि उन्हात वाळवलेल्या पानांचा काढा हे तीन वेगवेगळे पदार्थ आहेत. चांदीच्या आयनला इलेक्ट्रॉन देऊन धातू बनवण्याचे काम मुख्यतः फेनॉलिक संयुगे, फ्लेव्होनॉइड, टॅनिन करतात. कणांवर आवरण घालून त्यांना एकमेकांना चिकटू न देण्याचे काम त्यांच्याबरोबर प्रथिने आणि शर्करा करतात. शिळ्या काढ्यात ही मंडळी ऑक्सिडाइज होतात, वर बुरशीही धरते (बुरशीनाशकाच्या प्रोजेक्टमध्ये हे जरा जास्तच लाजिरवाणे). काढा त्याच दिवशी वापरा. ठेवायचाच असेल तर ४ अंशाला, दोन-तीन दिवस, आणि वापरण्यापूर्वी पुन्हा गाळून.

आपली वनस्पती चांदीचे क्षपण (आयनला इलेक्ट्रॉन देऊन धातू करणे) करतच नाही की प्रयोगच बिघडलाय, हे ठरवायला शेजारी कडुलिंबाची एक बॅच लावा. कडुलिंबाच्या पानांच्या काढ्यातून चांदी-सोन्याचे नॅनोकण केल्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून ही पाने भरवशाची मानली जातात. कडुलिंबाला रंग आला आणि तुमच्या पानांना नाही, तर दोष पानांत. दोन्हींना नाही, तर वर पाण्यापाशी परत जा. आवळ्यासारखे टॅनिनने भरलेले फळ उलट टोकाचे वागते: क्षपण इतके भराभर होते की कण मोठे होऊन बसतात. तिथे काढा दहापट पातळ करून पाहा.

वनस्पतीची ओळखही एकदा पक्की करून घ्या. बाजारात ‘गुळवेल’ म्हणून मिळणारी प्रत्येक वेल गुळवेल नसते. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून किंवा आघारकर संशोधन संस्थेतून नमुना प्रमाणित करून घेता येतो.

पीएच, ऊब, उजेड

आता पीएच. बहुतेक पानांचे काढे किंचित आम्लधर्मी असतात आणि आम्लात क्षपण रेंगाळते. पीएच ८ ते ९ वर आणला की फेनॉलचा प्रोटॉन सुटतो, इलेक्ट्रॉन देणे सोपे होते, रंग मिनिटांत येतो आणि कणही सहसा लहान होतात. ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घाला, पण काढ्यात, ढवळत. सिल्व्हर नायट्रेटमध्ये थेट घातले किंवा पीएच ११ च्या पुढे गेला तर तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड बसते आणि ‘कण झाले’ असा भास होतो. बफर वापरायचा मोह आवरा. फॉस्फेट बफर सलाइनमध्ये मीठ असते आणि ट्रिस बफर सहसा हायड्रोक्लोरिक आम्लानेच जुळवलेला असतो. क्लोराइड पुन्हा दाराशी.

रंग तरीही येत नसेल तर ६० अंशाच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास. उन्हात ठेवले तरी वेग वाढतो, पण ऊन रोज सारखे नसते, त्यामुळे तुलनेच्या बॅचेस उन्हात करू नका.

तपकिरी रंग म्हणजे पुरावा नाही

तिसऱ्या लक्षणात सगळे इथेच फसतात. काढा नुसता हवेत, विशेषतः अल्कधर्मी केल्यावर, आपोआप तपकिरी होतो. चिरलेल्या सफरचंदाचेही तेच होते, त्यात चांदी कुठे असते! म्हणून प्रत्येक बॅचबरोबर तीन फ्लास्क हवेतच: काढा अधिक पाणी (त्याच प्रमाणात, त्याच पीएचला), सिल्व्हर नायट्रेट अधिक पाणी, आणि खरे मिश्रण.

स्कॅन ३०० ते ७०० नॅनोमीटर. ब्लँक (यंत्र शून्यावर आणायचा तुलनेचा नमुना) म्हणून साधे पाणी नको, पातळ केलेला काढाच घ्या. नाहीतर ३८० च्या खालचा काढ्याचा चढ शिखराला गिळून टाकतो. नमुना गडद असेल तर पाच ते दहापट पातळ करा, कारण शोषण २ च्या वर गेले की साध्या यंत्रावर शिखराचा माथा सपाट दिसतो. लहान, गोल, सुटे कण असतील तर ४०० ते ४५० मध्ये एकच शिखर येते. ते रुंद होऊन ५५०-६०० पर्यंत शेपूट ओढत असेल तर कण एकत्र गोळा होत आहेत. कॉलेजात फक्त कलरीमीटर असेल तर ४२० च्या एका फिल्टरवर आकडा घेऊन समाधान मानू नका. असतील तेवढ्या सगळ्या फिल्टरवर वाचा आणि आलेख काढा. मध्ये उंचवटा हवा, नुसता उतार नको.

धुताना कण हरवतात

ही चूक फार कमी लोकांच्या लक्षात येते. काढ्याचा उरलेला भाग धुऊन काढायला कण सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून गाळ बसवणारे यंत्र) फिरवतात. टेबलावरच्या सेंट्रिफ्यूजचे ४,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) २० नॅनोमीटरचे कण खाली आणायला पुरत नाही. तळाला येतात ते गोळा झालेले मोठे गट, आणि चांगले कण वरच्या निवळीबरोबर सिंकमध्ये जातात. मग ‘धुतलेले शुद्ध कण’ बुरशीवर काम का करत नाहीत असा प्रश्न पडतो. १२,००० ते १५,००० आरपीएम, २० मिनिटे, समोरासमोरच्या ट्यूबा काट्यावर तोलून. निवळी टाकण्यापूर्वी तिचा स्कॅन घ्या. ४२० ला अजून शिखर असेल तर वेळ वाढवा.

गाळ डिस्टिल्ड वॉटरमध्येच विखरायचा. ओव्हनमध्ये सुकवून पावडर केली की ती पुन्हा नीट विखुरत नाही, आणि फ्रीझरमध्ये बर्फ झाला तरी कण चिकटतात. ओलेच, अंधारात, ४ अंशाला.

कण चांगले आहेत, मग बुरशी का मरत नाही?

आधी हिशेब. चांदीचा अणुभार १०७.८७. वरच्या मिश्रणात सगळी चांदी धातू झाली असे धरले तरी मि.लि.ला फार तर ९७ मायक्रोग्रॅम. अगारमध्ये (बुरशी वाढवायचे घट्ट माध्यम) पाडलेल्या ६ मि.मी.च्या विहिरीत ५० मायक्रोलिटर घातले म्हणजे ५ मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. शेजारी फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाची २५ मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवून ‘आमचा झोन लहान’ म्हणणे बरोबर नाही. सुकवलेल्या पावडरीचे वजन करून ‘१०० मायक्रोग्रॅम’ लिहिणे त्याहून वाईट, कारण त्या वजनात बराचसा काढाच असतो. नेमकी चांदी हवी असेल तर नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनवर मोजून घ्या.

मग पुन्हा मीठ. कँडिडाचे (यीस्टसारखी बुरशी) सस्पेन्शन ०.८५ टक्के सलाइनमध्ये (मिठाचे पाणी) करायची सवय सगळ्यांनाच असते. त्यात १४५ मिलिमोलार क्लोराइड आहे. तुमच्या चांदीच्या दीडशेपट! कण गोळा होतात, सुटलेले आयन साक्यात जातात. निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरमध्ये सस्पेन्शन करा, ०.५ मॅकफार्लंडला (गढूळपणाचे ठरलेले प्रमाण) जुळवा आणि लगेच वापरा. कँडिडासाठीच्या प्रमाणित ब्रॉथ पद्धतीत सांगितलेल्या आरपीएमआय १६४० माध्यमातही लिटरला सुमारे ६ ग्रॅम मीठ असते. ती पद्धत वापरायचीच असेल तर कण त्या माध्यमात घालून, बुरशीविना, तासाभराने स्कॅन घ्या. शिखर खचलेले दिसले तर निकाल चांदीचा नव्हे, माध्यमाचा आहे. माध्यमातल्या पेप्टोनमधली (प्रथिनांचे तुकडे) गंधकयुक्त अमिनो आम्लेही चांदी धरून ठेवतात. चांदीचे आयन बुरशीच्या प्रथिनांतल्या ज्या गंधकाच्या गटांवर वार करतात, तेच गट माध्यमात आयतेच पसरलेले असतात.

तिसरी अडचण अगारची. कण आयनांसारखे सहज पसरत नाहीत, विहिरीच्या काठाशीच अडकतात. अॅस्परजिलस, फ्युजेरियम यांच्यासाठी झोन सोडा, माध्यमातच कण मिसळा. पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज अगार) ४५ ते ५० अंशांपर्यंत गार होऊ द्या, १८ मि.लि.मध्ये २ मि.लि. कण मिसळून प्लेट ओता. न धुतलेल्या मूळ द्रावणाने प्लेटमध्ये मि.लि.ला ९.७ मायक्रोग्रॅमच्या वर जाता येणार नाही. त्यापुढे जायचे तर सेंट्रिफ्यूजने आधी दहापट घट्ट करावे लागेल. कंट्रोल प्लेटमध्ये २ मि.लि. पाणी घालायला विसरू नका, नाहीतर माध्यम पातळ झाल्याचा परिणामही चांदीच्या नावावर जमा होतो.

ताज्या वसाहतीच्या वाढत्या कडेवरून ५ मि.मी.चा तुकडा कॉर्क बोररने काढून उलटा ठेवा. कंट्रोलची बुरशी प्लेटच्या कडेला पोचली की दोन काटकोनी व्यास मोजा आणि तुकड्याचे ५ मि.मी. वजा करा. कंट्रोल ८० आणि चांदीची प्लेट ४६ मि.मी. असेल तर प्रतिबंध (७५ − ४१) ÷ ७५, म्हणजे ४५.३ टक्के. वजा न करता ४२.५ येतो. शेवटी तुकडा उचलून साध्या पीडीएवर ठेवा. पुन्हा वाढला तर बुरशी थांबली होती, मेली नव्हती.

संदर्भ औषध निवडतानाही चूक होते. अॅस्परजिलस फ्लुकोनॅझोलला मुळातच दाद देत नाही, तिथे अॅम्फोटेरिसिन बी हवे. कँडिडाच्या ब्रॉथमध्ये कणांचा तपकिरी रंगच ओडी (यंत्रावर दिसणारा गढूळपणाचा आकडा) वाढवतो, म्हणून प्रत्येक तीव्रतेला बुरशीविना एक विहीर ठेवा, किंवा ५ मायक्रोलिटर थेंब साध्या प्लेटवर टाकून वाढ बघा.

सहाव्या लक्षणावर इलाज म्हणजे तीन जादा कंट्रोल: नुसता काढा, तेवढ्याच चांदीचे सिल्व्हर नायट्रेट, आणि शेवटच्या धुण्याची निवळी. निवळीचा झोन येत असेल तर मोकळे आयन अजून शिल्लक आहेत, अजून धुवा. सिल्व्हर नायट्रेटचा झोन तुमच्याएवढा किंवा मोठा असेल तर ‘नॅनो’मुळे फायदा झाला असे लिहिता येत नाही, आणि ते न लिहिण्यात काही कमीपणाही नाही. फ्लुकोनॅझोल डिस्कवर कण घालून दोन्हींचा एकत्र परिणाम बघणे हा पुढचा शहाणा प्रयोग. अमरावती विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये, बुरशीपासून केलेल्या कणांबाबत, या जोडीचा कँडिडा अल्बिकन्सवरचा परिणाम वाढल्याचे दाखवले होते.

इथे थांबा, जाणकाराला गाठा

शिखर आले आणि आता आकार सांगायचा आहे: तो शिखरावरून सांगू नका. टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या विश्लेषण केंद्राकडे नमुना पाठवा. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) केले तर चांदीच्या रेषा ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांच्या आसपास हव्यात. २७.८, ३२.२, ४६.२ ला रेषा दिसल्या तर त्या ‘काढ्यातल्या अशुद्धी’ नव्हेत, ते सिल्व्हर क्लोराइड आहे. परत पहिल्या तपासणीला जा.

रुग्णाकडून घेतलेली बुरशी, अॅस्परजिलस फ्युमिगेटस, म्युकरवर्गीय बुरशी उघड्या टेबलावर हाताळायच्या नाहीत. दुसऱ्या वर्गाची बायोसेफ्टी कॅबिनेट आणि शेजारी प्रशिक्षित सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नसेल तर काम सुरूच करू नका. कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहांमधून घ्या, भिंतीवरून खरवडून नको.

गजकर्णावर, नखांच्या बुरशीवर हे द्रावण लावून बघायचे नाही, कितीही चांगला झोन आला तरी. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पोटात तर मुळीच नाही: चांदी साठत गेली की त्वचा कायमची निळी-करडी होते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९९ मध्येच दुकानात मिळणाऱ्या कोलॉइडल सिल्व्हरच्या औषधांना सुरक्षित आणि परिणामकारक मानायला नकार दिला. पिकावर फवारायचा विचार असेल तर आधी कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाशी बोला, कारण ही चांदी ओढ्यातल्या जीवांनाही मारक असते.

सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात उडाले तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे. हातावरचे काळे डाग काही दिवसांत आपोआप जातात, ते घालवायला रसायने चोळू नका. उरलेली सगळी चांदी, निवळीसकट, एका बाटलीत जमवा, मीठ घालून साका बसवा, गाळा आणि तो साका संस्थेच्या रासायनिक कचरा यंत्रणेकडे द्या. मीठ घालायची वेळ या कामात एवढी एकच.